दहा चिंचोके

हळदीचा हंगाम उतरणीला लागला होता. दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला सांगलीच्या पेढीवरचा गडी केरू साताऱ्याला यायचा आणि गोडोलीत धोंडिराम हवालदाराच्या घरून लाखेची मोहोर केलेला लिफाफा घेऊन जायचा. त्या मे महिन्यात मात्र दारात केरू आला नाही. नानासो दिवाणजी आला, धोतराचा सोगा सावरत आणि घामानं निथळत.

"केरू कुठाय?" धोंडिरामनं विचारलं.

"आधी पाणी तरी द्या, हवालदार. एस.टी.त उभा राहून आलोय कराडपासनं."

धोंडिरामनं पाणी दिलं. नानासोनं ते सगळं पिऊन मिशा पुसल्या आणि मग सांगितलं, "केरूला काढून टाकलं. तुमचे तक्ते तो आमच्याविरुद्ध सौदा करणाऱ्या भाऊसोला दावत हुता."

धोंडिराम रिकामा पेला घेऊन आत गेला, तो जागेवर ठेवला आणि परत बाहेर आला.

"कुणी बघितलं?"

"बघायला कशाला पायजे? तक्ता करता तुमी, वापरतो आमी आणि मधी नेतो केरू. लालासाहेबांवर संशय घ्यायचा का तुमच्यावर?"

लालासाहेबांची सांगलीच्या पेठेत हळदीची पेढी होती. त्यांचे बंधू मुंबईला असत. ते रोज दोन तारा करत. सकाळच्या तारेत मुंबईचा उघडता भाव असायचा. दुपारच्या तारेत, आजच्या सौद्यात कितीपर्यंत चढायचं, तो आकडा असायचा. तो आकडा पेठेत फुटला तर सौदा हातचा गेलाच, म्हणून तार साध्या आकड्यांत नसायची. भावाच्या प्रत्येक आकड्यात तक्त्यातला एकेक आकडा मिळवायचा, हातचा सोडून द्यायचा आणि जे उरेल ते तारेत लिहायचं. सांगलीत नानासो त्याच तक्त्याची दुसरी प्रत पुढे धरून उलट वजाबाकी करायचा. दिवसाला तक्त्याची एक ओळ लागे. ओळीत दहा आकडे, पाच सकाळच्या तारेला, पाच दुपारच्या. वापरलेली ओळ फाडून जाळायची.

हे सगळं बसवून दिलं होतं धोंडिरामनं. लढाईत तो सिग्नलमध्ये होता, ब्रह्मदेशात तीन वर्षं त्यानं हेच काम केलं होतं. तिथल्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आकडा डोक्यातून काढायचा नाही. माणसाचं डोकं आकडे सरळ काढत नाही. एकदा तीन आला की ते पुन्हा तीन काढायला बिचकतं आणि शत्रू त्या बिचकण्यावरच टपून असतो.

"भाऊसोला आकडा कळतो, हे कशावरनं?" धोंडिरामनं विचारलं.

"आमची हद्द एकशे एक्कावन्नची असली की त्यो बावन्नला थांबतोय. आमची सत्तेचाळीसची असली की अठ्ठेचाळीस. एकदा न्हवं, सगळा हंगाम. निसतं बघत बसलो आमी."

"म्हणून केरू चोर."

"तार आफिसात लालासाहेबांनी सगळ्यांच्या म्होरं त्याची सायकल काढून घेतली. खिसं उलटं करून दावायला लावलं. सदऱ्याचं बी आणि चड्डीचं बी."

"काय निघालं?"

"तंबाखूची पुडी."

धोंडिराम उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. त्याला राग आला होता, पण तो नक्की कुणावर धरावा हे कळत नव्हतं. सहा वर्षं केरू त्याच्याकडे येत होता. आला की ओसरीवर बसून लाख थंड व्हायची वाट बघायचा. धोंडिरामची बायको हरणाबाई होती तेव्हा ती त्याला घरातल्याच कपात चहा द्यायची. शेजारणी त्यावरून बोलायच्या. हरणाबाई म्हणायची, "कपाला काय व्हतंय, धुतला की झालं. तुमची तोंडं कशानं धुवावीत त्येवढं सांगा." जानेवारीत ती गेली. त्यानंतर घरात दुसरं माणूस जेवलं असेल तर तो केरूच, महिन्यातून एकदा.

धोंडिराम आत आला. "कुठल्या तारा फुटल्या? सकाळच्या की दुपारच्या?"

"दुपारच्या."

"आणि सकाळच्या?"

"सकाळचा भाव बारापतोर सगळ्या पेठेला कळतोच की. दुसऱ्या अडत्यांच्या तारा येत्यात, रेडिओ हाय."

"बाराला कळतो. आपल्याला दहाला कळतो. भाऊसोकडं तक्ता असता तर त्यालाही दहाला कळला असता. दहाला कळलाय असं कधी वागला तो?"

नानासोनं आठवून बघितलं. "न्हाई. सकाळी त्यो गप असतोय."

"मग चोरानं अख्खा तक्ता चोरला आणि निम्माच वापरला?"

"आता चोराच्या मनातलं मला काय म्हाईत, हवालदार?"

"कधीपासून चाललंय हे?"

"फेब्रुवारीपासनं. त्याआधी पाच वर्सं एकदा बी न्हाई."

जूनचे तक्ते तयार होते, पण धोंडिरामनं ते दिले नाहीत. नानासोची एक मेहुणी साताऱ्यात होती. तिच्याकडे मुक्काम करा आणि उद्या या, असं त्यानं सांगितलं. नानासो कुरकुरत गेला.

मग धोंडिराम जूनचा तक्ता घेऊन बसला. आधी त्यानं मोहोर तपासली. एक लिफाफा बंद करून गरम सुरीनं उघडून पाहिला. लाख फुटली, कागद फाटला. दुसरा वाफेवर धरला, तर मोहोरच पसरली. केरूला हे जमलं असतं तर नानासोला पहिल्याच महिन्यात दिसलं असतं. एवढं करून हाताला चटका बसला आणि प्रश्न होता तिथेच राहिला.

मग तो भाऊसो झाला. म्हणजे भाऊसोच्या जागी बसून त्यानं विचार केला. माझ्याकडे तक्ता नाही. माझ्याकडे काय आहे? दोन्ही तारांचे आकडे आहेत. ते तर तार ऑफिसात उभ्या असलेल्या सगळ्यांकडेच असतात, कारण केरू खिडकीशी उभा राहून आकडे मोठ्यानं वाचून पडताळून घेतो. तसं करायला त्याला मीच सांगितलं आहे, एक आकडा चुकला तर सगळा भाव चुकतो म्हणून. ऐकणाऱ्याला त्यातून काही कळणार नाही, हेही मीच सांगितलं होतं. बरं. बाराला मला सकाळचा भाव कळला. तारेतून भाव वजा केला की सकाळचे तक्त्यातले पाच आकडे मिळाले. पण ते तर वापरून झाले. दुपारचे पाच वेगळे. त्यांचा यांच्याशी काय संबंध?

त्यानं जूनच्या पहिल्या ओळीकडे पाहिलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

संबंध होता. तो त्यानं स्वतःच्या हातानं घालून ठेवला होता.

आकडे काढायची धोंडिराम आणि हरणाबाईची रीत साधी होती. सारख्या आकाराचे दहा चिंचोके, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं एक आकडा, शून्यापासून नवापर्यंत. बोटाला रंग कळू नये म्हणून वरून मेण घासलेलं. चिंचोके तांब्यात टाकायचे, हलवायचे, न बघता एक काढायचा, आकडा लिहायचा, चिंचोका परत तांब्यात टाकायचा, पुन्हा हलवायचं. हे महिन्याला आठशे वेळा, कारण हळदीचा एक, गुळाचा एक आणि शेंगांचा एक असे तीन तक्ते असत. हरणाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण या कामासाठी ती दहा आकडे शिकली होती. ती काढायची आणि सांगायची, धोंडिराम कार्बन घालून लिहायचा. एकच आकडा तीनदा आला की ती हसायची. "परत सात. पिच्छाच सोडंना झालाय ह्यो." आणि सात तीनदा लिहिला जायचा.

ती गेल्यावर पहिल्या महिन्यात त्यानं एकट्यानं प्रयत्न केला. चिंचोका काढायचा, चष्म्याखाली धरायचा, परत टाकायचा, तांब्या हलवायचा, पेन्सिल शोधायची. आता काढलेला आकडा लिहिला की नाही, हे आठवायचं नाही. आणि प्रत्येक आकड्याला तांब्या वाजायचा. चाळीस आकड्यांनंतर तो आवाज त्याला सहन होईना. मग त्यानं एकदाच तांब्या चांगला हलवला, दहाच्या दहा चिंचोके एकेक करून काढले, पाटावर ओळीनं मांडले आणि बघून लिहून घेतले. ओळ झाली. पुन्हा गोळा केले, हलवले, मांडले. ऐंशी वेळा हलवायचं, आठशे वेळा नाही.

त्याला हे वावगं वाटलं नव्हतं असं नाही. उस्तादाचा नियम त्याला पाठ होता, की काढलेला परत टाकायचा. पण चिंचोके तर न बघताच काढलेले होते आणि तक्ता दिसायला उलट जास्त चांगला होता. लालासाहेबांनीच मागे एकदा तक्रार केली होती की ओळीत तोच तोच आकडा येतो, हवालदार डुलक्या घेतात की काय. नव्या तक्त्यावर ते खूश झाले. नानासोनं तसं पत्र लिहिलं होतं, आकडे आता छान मिसळलेले येतात म्हणून.

आता प्रत्येक ओळीत दहाही आकडे एकेकदाच येत होते. सकाळचे पाच कळले की दुपारचे कोणते पाच, हे आपोआप कळत होतं. राहिला होता फक्त त्यांचा क्रम.

धोंडिरामनं तीनही तक्ते चुलीत घातले. जळाले तरी राग गेला नाही. पाटावरचे चिंचोके त्यानं हातानं ढकलून दिले, मग गुडघ्यावर बसून एकेक शोधून काढले. नऊच सापडले. दहावा चुलीमागं गेला होता, तो काढताना त्याचं कपाळ फळीला लागलं. शिवी देण्यासारखं समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो नानासोबरोबर सांगलीला गेला. नानासो वाटेत तीनदा म्हणाला की तक्ते न्यायला मला पाठवलंय, हवालदारांना नाही. धोंडिराम खिडकीबाहेर बघत राहिला.

लालासाहेब गादीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी धोंडिरामचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हवालदार, तुमची माया हाय केरूवर. मला कळतंय ते. पण मायेनं चोर साव व्हत न्हाई."

"मला काही बोलू देऊ नका. नानासोंना करू दे. कुठल्याही एका दिवसाच्या दोन तारा काढा."

तारेला टोचून ठेवलेल्या कागदांतून नानासोनं एप्रिलच्या दोन तारा काढल्या. सकाळची बेचाळीस हजार सहाशे अकरा. दुपारची शून्य, नऊ, आठ, चार, शून्य. ओळ केव्हाच जळून गेली होती. त्या दिवशी मुंबईचा उघडता भाव एकशे सेहेचाळीस रुपये पन्नास पैसे होता, हे नानासोच्या वहीत होतं.

"वजा करा," धोंडिराम म्हणाला. "हातचा न धरता."

नानासोनं पाटीवर केलं. तीन, आठ, शून्य, सहा, एक.

"दहातले हे पाच गेले. उरले कोणते?"

"दोन, चार, पाच, सात, नऊ."

"आता दुपारची तार. हळद शंभरच्या खाली नाही न् दोनशेच्या वर नाही, म्हणजे भावाचा पहिला आकडा एकच. तारेत शून्य आहे. मग तक्त्यात काय होतं?"

"नऊ." नानासो आता पुढे सरकून बसला होता. "आणि भाव पावल्यांत असतोय, म्हंजी शेवटचा आकडा एक तर शून्य न्हाई तर पाच. शून्य धरला तर तक्त्यात शून्य पायजे, त्यो तर सकाळीच गेला. म्हंजी पाच."

"करा पुढं."

पुढचं नानासोनं एकट्यानं केलं. सकाळच्या भावाच्या आसपास राहायचं तर दुसऱ्या जागी चारच बसत होता. दोन आणि सात उरले, ते अदलून-बदलून बघितले. एका बाजूनं एकशे छप्पन रुपये पंच्याहत्तर आले, दुसऱ्या बाजूनं एकशे एक्कावन्न रुपये पंचवीस.

"एका दिवसात दहा रुपयं कुणी चढत न्हाई," नानासो म्हणाला. त्यानं वही उलटली, त्या दिवसाच्या हद्दीवर बोट ठेवलं. एकशे एक्कावन्न रुपये पंचवीस.

लालासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. "सगळा हंगाम?"

"फेब्रुवारीपासून. चूक माझी."

"तुमी इतकं शिकलेलं माणूस."

"व्हय."

लालासाहेबांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "बरं. झालं ते झालं. नवं तक्तं नीट करा. केरूला निरोप धाडतो, गुमान कामावर ये म्हणून."

"गुमान नाही. तार ऑफिसात सगळ्यांसमोर खिसे उलटे केलेत त्याचे. तिथंच सांगा."

"काय सांगू? की माझ्या तारा चार महिनं पाटीवरच्या वजाबाकीनं वाचत हुते लोक? मुंबईत माझ्या भावाला कोण दारात उभं करंल उद्या?" लालासाहेबांनी अडकित्ता पुन्हा उचलला. "केरूला काम मिळंल. आणखी काय पायजे त्याला?"

आणखी काय पाहिजे, हे विचारायला धोंडिराम मिरजेला गेला. केरू एका सतारवाल्याकडे कामाला लागला होता. गल्लीत दोन्हीकडे भिंतींना मोठमोठे वाळके भोपळे टांगले होते. केरू सावलीत बसून एका भोपळ्याच्या आतलं खरवडत होता. धोंडिरामला बघून तो उठला नाही.

"बसा, आबा. दिवाणजी यिऊन गेलं का?"

"केरू, चूक माझी होती." आणि धोंडिरामनं त्याला सगळं सांगितलं, तांब्याचं, पाटाचं, ओळीचं. केरू भोपळा खरवडत ऐकत होता.

"म्हंजी मी तितं बोंबलून आकडं वाचायचो आणि भाऊसोचा मानूस लिहून घ्यायचा."

"व्हय."

"तुमीच सांगितलं हुतं बोंबलायला."

"व्हय."

केरूनं भोपळा उलटा करून आतला भुसा झटकला. "आबा, येक इचारू? दर म्हयन्याला मी तुमच्या वसरीवर दोन-दोन तास बसायचो. वैनी गेल्यावर बी. निसता माश्या मारत. मला का न्हाई म्हनला, केरू, जरा चिंचोकं काढ?"

धोंडिरामनं खाली पडलेला भुसा पायानं बाजूला केला.

"आकडं मला येत्यात. सातवी झालोय मी."

"माझ्या डोक्यातच आलं नाही."

"का तांब्यात हात घालायला सांगायचं जिवावर आलं?"

"नाही रं. तसं नाही." धोंडिराम घाईनं म्हणाला, आणि घाईनं म्हणाला म्हणून त्याचा त्यालाच राग आला. त्यानं पुन्हा सावकाश विचार केला. "मी कुणालाच सांगितलं नाही. भावजय शेजारीच राहते, तिला पण नाही. ते तिचं काम होतं. तिथं दुसरं कुणी बसावं असं वाटलं नाही."

केरूनं त्याच्याकडे नीट बघितलं. पटलं की नाही, ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही. "आसंल," तो म्हणाला. "वैनीचं काम हुतं खरं."

"लालासाहेब तुला परत घेतायत."

"न्हाई जायचा मी. हितं भोपळं हायती, त्ये बोलत न्हाईत."

"मग काय करू मी?"

"मला काय इचारता? माझी आय त्या पेठंत भाजी इकती. तिला बाया इचारत्यात, पोरगं सुटलं का गं. मी तुरुंगात हाय असंच वाटतंय त्यांस्नी." त्यानं पुन्हा खरवडायला सुरुवात केली. "तुमाला बोलायचं आसंल तर तितं बोला. मी न्हाई येनार. मी उभा ऱ्हायलो तर म्हनतील, म्हाताऱ्याला ह्येनंच पढवून आनलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सांगलीच्या तार ऑफिसात नेहमीची गर्दी होती. प्रत्येक अडत्याचा एक माणूस खिडकीशी थांबलेला. भाऊसोचा दिवाणजी आकाराम बाकावर बसून पान लावत होता. नानासो स्वतः लालासाहेबांची तार घ्यायला आला होता, केरूच्या जागी अजून कुणी मिळालं नव्हतं. धोंडिरामला बघून त्यानं मान हलवली, नको म्हणून.

धोंडिराम खिडकीशेजारी उभा राहिला. पलटणीत शंभर माणसांसमोर तो बोलला होता, पण आता आवाज बारीक निघाला.

"लालासाहेबांच्या तारांचे तक्ते मी करतो. गेले चार महिने मी ते चुकीचे केले. आकडे त्यामुळं फुटले. केरूनं काही चोरलं नाही, काही विकलं नाही. त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं."

पुढच्या दोघा-तिघांनी ऐकलं. मागचे आपापसात बोलत होते. एकजण म्हणाला, "काय म्हनतोय म्हातारा?" दुसरा म्हणाला, "बायको गेलीया त्याची जानेवारीत."

"बायकोचा संबंध नाही," धोंडिराम म्हणाला आणि लगेच त्याला वाटलं, हे खरं नाही. पण आता तो विषय काढून चालणार नव्हतं. "आकाराम दिवाणजी, तुम्ही सांगा. केरूनं तुम्हाला कधी कागद दिला?"

सगळे आकारामकडे बघायला लागले. त्यानं पान तोंडात टाकलं, सावकाश चघळलं. खोटं बोलणं त्याला सोपं होतं. पण मग इतके महिने रोज बारा ते दोन डोकं घातलं, त्याचं श्रेय केरूला गेलं असतं.

"केरूला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला. "माझं मी काढलं. फेब्रुवारीत पयला आठवडाभर मांडून बघितलं, तवा ध्यानात आलं का दहाबी आकडं येकदाच येत्यात. कागद कशाला पायजे हुता मला?" आणि त्यानं शेजारच्याला बोटांवर समजावून सांगायला सुरुवात केली.

नानासो धोंडिरामजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "हवालदार, आता तुमचं काम बी गेलं बघा. मालकांच्या कानावर जाईल हे दुपारपतोर."

"जाऊ द्या."

"कशापायी केलंसा? परत घेत हुते की त्याला."

खिडकीतून कारकुनानं लालासाहेबांच्या नावानं हाक मारली. नानासोनं तार घेतली, आकडे मनातल्या मनात वाचले आणि तोंड न उघडता निघून गेला. तेवढ्यात बाहेरून आणखी चौघं आत आले, शेंगांच्या बाजूचे. आकारामभोवती घोळका बघून त्यातल्या एकानं धोंडिरामलाच विचारलं, "काय झालं वो?"

"केरू चोर नाही," धोंडिराम म्हणाला.

"कुठला केरू?"

धोंडिरामनं केरूचं नाव सांगितलं, बापाचं नाव, आडनाव, कुठल्या वस्तीतला आणि कुणाच्या पेढीवर होता तेही सांगितलं. मग घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.